बारा कागद आणि एक ईदकार्ड



आमच्या लहानपणी रमजानचा शेवटचा अशरा लागला की बाजारात शेवया, सुरमा आणि अत्तराच्या दुकानांशेजारी ईदकार्डांच्या दोऱ्या लागायच्या. काबा शरीफ, मदिन्याचा हिरवा घुमट, गुलाबाचं फूल, चंद्रकोर, आणि हात लावला की बोटांना चिकटणारी चमकी. खाली उर्दूत एखादा शेर. पैसे जमवून आम्ही मोजून पाच-सहा कार्डं घ्यायचो. कोणतं कार्ड कुणाला जाणार, हे घरून निघतानाच ठरलेलं असायचं. पत्ता लिहिताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचाच.

आता चांदरातीला एकच चित्र आम्ही दीडशे जणांना एका बोटानं पाठवतो. त्यात वाईट काही नाही. दुबईतल्या भाच्याला त्याच क्षणी सलाम पोहोचतो, ही मोठीच सोय आहे. पण त्या दीडशेत चेहरा एकाचाही आठवत नाही. गेल्या रमजानात अशीच नावांची यादी तयार करत होतो. धाकटा तिसरीत आहे, त्याला नुकतंच वाचायचं वेड लागलंय. तो मांडीवर रेलून नावं वाचत होता. मध्येच म्हणाला, "यात फुफीचं नाव का नाही?"

या स्तंभात आम्ही दोघं मिळून घरातल्या साध्यासुध्या गोष्टी लिहितो. पोरांचा अभ्यास, लोणची-पापड, पाण्याची काटकसर. ही गोष्ट लिहावी की नाही, यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी फुफीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहा. पण खरं लिहा." म्हणून लिहीत आहोत.

बघू

मुलांची फुफी म्हणजे आमची आपा. ती औरंगाबादला असते. मनमाडहून तीन तासांवर. मुलांचे दादा इथल्या रेल्वेच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये होते. रेल्वेपुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा हा कारखाना मनमाडकरांना वेगळा सांगायला नको. दादांनी निवृत्तीच्या पैशातून तीन खोल्यांचं घर बांधलं. चार वर्षांपूर्वी ते अल्लाहला प्यारे झाले. दादी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मागे वारस दोनच, आपा आणि तिचा भाऊ.

चाळिसावा झाल्यावर आपानं एकदा, अगदी हळू आवाजात विचारलं, "घराचं काय ठरवलंत?" आम्ही म्हणालो, "बघू."

तिनं पुन्हा विचारलं नाही. आधी तिचं येणं कमी झालं, मग फोन. आम्हीही फोन केला नाही, कारण केला असता तर त्या 'बघू'चं पुढे काय झालं ते सांगावं लागलं असतं. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. नुसतं गप्प होणं. असं गप्प होणं किती घरांत असेल, हे वाचकांनी आपापल्या मनाशी मोजावं.

धाकट्याच्या प्रश्नाला आम्ही काहीतरी उडवाउडवीचं उत्तर दिलं. त्यावर सातवीतली थोरली म्हणाली, "मग फुफीला कार्ड पाठवू. हातानं केलेलं. शाळेत आम्हाला शिकवलंय, कागद, कापड, रंग, दोरा सगळं एकत्र करून." नाही म्हणायला काही कारणच सुचेना.

दादांच्या पेटीतले कागद

कार्डासाठी जाड कागद हवा होता. थोरलीला दादांची पत्र्याची पेटी आठवली. तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेले बारा मोठे कागद निघाले. पांढरे नव्हेत, सायीच्या रंगाचे. कडा ओबडधोबड, आणि उजेडात धरले तर आत धागे दिसतील असे. हातकागद.

हे कागद दादांनी कागजीपुऱ्याहून आणले होते. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत हे छोटं गाव लागतं. नावातच त्याचा धंदा आहे. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कागद बनवणारी कुटुंबं इथे आली आणि राजधानी परत गेली तरी ती इथेच राहिली, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यांचं आडनावच कागजी पडलं. जुन्नरलाही असाच कागद बनत असे. पुण्यात कसब्यातली कागदीपुरा ही वस्ती त्याच कारागिरांची. दख्खनच्या दरबारांतली फर्मानं, वाड्यांतले हिशेब, मदरशांतल्या किताबा या मुसलमान कारागिरांच्या हातच्या कागदावर लिहिल्या गेल्या. यंत्राचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा बसत गेला, पण कागजीपुऱ्याचं नाव अजून आहे.

दादा खुलताबादच्या जियारतीहून परतताना तिथे थांबले असतील. कागद कशासाठी घेतले, ते त्यांना विचारायचं राहून गेलं.

थोरलीनं कागद जमिनीवर पसरून मोजले. बारा भरले. मग ती सहज म्हणाली, "दादांचे आहेत म्हणजे दोघांचे. मुलाला दोन, तर मुलीला एक. मग आपले आठ आणि फुफीचे चार." गणितात गुणोत्तर नुकतंच झालं होतं आणि मकतबमध्ये वारशाचा धडाही. तिनं चार कागद उचलून बाजूला ठेवले आणि वर पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली, 'फुफीचे'.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सूरह निसामध्ये हा हिस्सा इतका स्पष्ट सांगितला आहे की 'बघू'ला तिथे जागाच नाही. पोरीनं जे एका मिनिटात केलं, ते आम्हाला चार वर्षांत जमलं नव्हतं.

त्या रात्री तरावीहनंतर आम्ही बराच वेळ जागे होतो. काय ठरलं ते शेवटी सांगतो. आधी कार्ड कसं केलं ते सांगतो, कारण घरोघरी मुलांबरोबर करण्यासारखं ते काम आहे. असरनंतर इफ्तारपर्यंतचा तास मुलांना जड जातो, तो या कामात कसा गेला ते कळलंही नाही.

कागद तयार करणं

आमचा एक कागद साधारण ५६ सेंटिमीटर रुंद आणि ७६ लांब. रुंदीचे दोन आणि लांबीचे चार भाग केले की २८ बाय १९ चे आठ तुकडे होतात. एक तुकडा मधोमध दुमडला की १४ बाय १९ चं कार्ड. म्हणजे एका कागदात आठ कार्डं. बाजारचा कार्डपेपर घेतला तरी चालतो, फक्त तो २०० जीएसएमपेक्षा पातळ नको. पातळ कागद ओल्या रंगानं आणि गोंदानं पापडासारखा वळतो.

हातकागद कात्रीनं कापू नये. पट्टी ठेवून त्या रेघेवर ओला ब्रश दोन-तीनदा फिरवावा, मिनिटभर थांबावं आणि हलक्या हातानं फाडावा. कड मऊ, धाग्याधाग्यांची येते, मूळच्या कडेसारखी.

आमचा पहिला तुकडा वाया गेला. थोरलीनं त्यावर थेट शाईनं लिहिलं आणि अक्षर मुंगळ्यासारखं फुगत गेलं. हातकागद टिपकागदासारखा शाई पितो. जुने कारागीर यावर काय करत? कागदाला खळ लावत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घोटत. जुन्या मराठीत 'घोटीव कागद' म्हणतात तो हाच. आम्हीही तेच केलं. एक चमचा तांदळाचं पीठ पेलाभर पाण्यात शिजवून पातळ पेज केली, गाळून घेतली, आणि गार झाल्यावर रुंद ब्रशनं दोन्ही बाजूंना एकेक हात दिला. कागद दोरीवर वाळवले. मग पोळपाटावर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं गोल गोल घोटले. धाकट्याला हे काम फार आवडलं. पंधरा मिनिटांत कागदाला बारीक चकाकी आली आणि शाई फुटायची थांबली.

घडी घालण्याआधी दुमडायच्या रेषेवर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनानं दाबून रेघ ओढावी. घडी सरळ बसते आणि कागद तडकत नाही. दादांची वर्कशॉपची पोलादी पट्टी त्यासाठी काढली. ते म्हणायचे, "लोखंड चुकलं तर वितळवता येतं, कागद चुकला तर चुकला."

रंग, मेण आणि अबरी

'मिक्स मीडिया' हा शब्द थोरलीनं शाळेतून आणला. एकाच चित्रात रंग, कागद, कापड, दोरा, छाप अशी निरनिराळी साधनं वापरायची, एवढाच त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी गोष्ट दख्खनला जुनीच आहे. इथले चित्रकार कागदावर कागद चिकटवून जाड 'वसली' करत आणि त्यावर चित्र काढत. उत्तम पत्रासाठी कागदावर सोन्याचे कण शिंपडत, त्याला 'जरअफशाँ' म्हणत. आणि पाण्यावर रंग तरंगवून त्यांचा ठसा कागदावर उचलत, ती 'अबरी'. फारसीत अब्र म्हणजे ढग. विजापूरच्या आदिलशाहीत १७ व्या शतकात अबरीतून आख्खी चित्रं घडवली गेली. ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. जुन्या हिशेबाच्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर ढगाळ रंगांचा कागद असायचा, तो अनेकांना आठवत असेल. तोही याच जातीचा.

पहिला थर चहाचा. दूध-साखर न घातलेला कडक कोरा चहा गार करून ब्रशनं फिरवला की कागदाला जुन्या पत्राचा रंग येतो. पण त्याआधी एक गंमत करावी. पांढऱ्या मेणबत्तीनं कागदावर चंद्रकोर आणि दोन-चार चांदण्या काढाव्यात. त्या वेळी काहीच दिसत नाही. वरून चहा किंवा निळा जलरंग फिरवला की मेणाच्या जागी रंग धरत नाही आणि चंद्र उगवतो. धाकटा ओरडलाच, "चाँद दिसला!" मोठ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं. मेणावर गोंद आणि शाईही धरत नाही. म्हणून जिथे पुढे काही चिकटवायचं किंवा लिहायचं आहे, तिथे मेण नको. रंग वाळल्यावर कागद दोन रद्दी कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवली की जास्तीचं मेण रद्दीत उतरतं.

दुसरा थर अबरीचा, कडेच्या पट्टीसाठी. पाण्याचा खेळ म्हटल्यावर घरात कपाळाला आठ्या पडल्या. पण जुन्या परातीत दोन बोटं पाणी पुरतं आणि त्याच पाण्यावर बरेच ठसे निघतात. तैलरंगात थोडं टर्पेंटाइन मिसळून पातळ करावा आणि काडीनं थेंब थेंब पाण्यावर सोडावा. थेंब पसरतात. त्यातून काडी किंवा जुना कंगवा फिरवला की ढग, लाटा, मोरपिसं उमटतात. मग कागदाचे दोन कोपरे धरून, मधली बाजू आधी टेकवत, कागद अलगद पाण्यावर ठेवावा आणि लगेच उचलावा. रंग फार पळत असतील तर एक जुनी युक्ती आहे. मेथीदाणे रात्रभर भिजवून त्याचं बुळबुळीत पाणी गाळून घ्यावं. अबरीचे जुने कारागीर मेथीचं असं पाणी वापरत. त्यावर रंग जागच्या जागी राहतात. हे काम गॅसपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून करावं. ती परात पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये आणि ते पाणी झाडांना घालू नये.

कापड, दोरा आणि तिकीट

आमच्या घरी आपाची एक जुनी ओढणी राहिली होती, लग्नाआधीची. हिरवी, काठाला बारीक जर. तिचाच दोन बोटं रुंद तुकडा घ्यायचं ठरलं. कापडाची कड सुटू नये म्हणून कापण्याआधी मागून पातळ फेव्हिकॉल लावून वाळू द्यावं, मग कात्री चालवावी. चिकटवतानाही गोंद कापडाला नाही, कागदाला लावावा आणि अगदी पातळ. नाहीतर तो कापडातून वर येतो आणि वाळल्यावर डाग दिसतो.

पेटीत एक जुनं पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीटही सापडलं. मनमाड ते औरंगाबाद. मनमाडहून निघून औरंगाबादवरून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास सुरू झाला. तेव्हा तो मीटर गेज होता. आपा लग्नानंतर याच मार्गानं सासरी गेली. हे तिकीट त्या दिवसाचं की दादा तिला भेटायला गेले तेव्हाचं, ते कळायला मार्ग नाही. थोरली ते चिकटवायला निघाली, तेव्हा तिला थांबवलं. जी वस्तू एकच आहे, ती कार्डाला लावू नये. झेरॉक्स काढून ती लावावी. तीही झेरॉक्सच हवी. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत ओल्या गोंदानं पसरते.

दोऱ्याचं काम थोरलीनं केलं. कागद शिवताना सुई थेट घुसवायची नाही. आधी खाली जाड टॉवेल ठेवून नुसत्या सुईनं भोकं पाडून घ्यायची, मग दोरा ओवायचा. दोन भोकांत निदान चार मिलिमीटर अंतर हवं. भोकं जवळजवळ पडली तर पोस्टाच्या तिकिटासारखा कागद तिथूनच फाटतो. ओढणीची पट्टी, खाली तिकीट आणि दोन्हींना जोडत जाणारी लाल दोऱ्याची साधी धावदोऱ्याची ओळ. रुळासारखी. असं करा म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्षर

२००१ च्या १ सप्टेंबरला अमेरिकेच्या टपाल खात्यानं ईदचं पहिलं तिकीट काढलं. निळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरांत 'ईद मुबारक'. ते मोहम्मद जकारिया या खुशनवीसानं लिहिलं, तेही बोरूनंच. एवढ्या यंत्रांच्या देशात सणाचा सलाम लिहायला शेवटी बोरूच लागला, हे आम्हाला फार आवडतं.

बोरू घरी करता येतो. बांबूची सुकी काडी घ्यावी, टोक तिरकं छिलावं, सपाट करावं आणि मधोमध बारीक चीर द्यावी. चाकूचं काम मोठ्यांनीच करावं. बांबू नसेल तर आइस्क्रीमची काडी तिरकी कापली तरी चालते. आधी वर्तमानपत्रावर पानभर गिरवावं. अक्षर सुंदर आलंच पाहिजे, असं नाही. थोरलीनं उर्दूत लिहिलं, धाकट्यानं मराठीत. त्याचा 'मु' जरा मोठाच झाला, तो तसाच ठेवला.

कार्डावर कुरआनची आयत लिहावी का, असं अनेक जण विचारतात. आम्ही लिहीत नाही. कार्ड हातोहात फिरतं, कधी रद्दीत जातं, कधी पायाखाली येतं. आपण सलाम आणि दुवा आपल्या शब्दांत लिहावी.

कार्डाच्या आत काय लिहायचं, तिथे आमचा बोरू अडला. मुलांनी भराभर लिहिलं, "फुफी, तुमची आठवण येते. शिरखुर्मा तुमच्यासारखा होत नाही." भावाच्या वाट्याला अर्धं पान राहिलं होतं. पहिल्या कच्च्या मसुद्यात कारणं होती: मुलांची फी, घराची डागडुजी, वर्कशॉपच्या पेन्शनचे राहिलेले कागद. दुसऱ्यात माफी होती, पण 'तुझं मन दुखावलं असेल तर' अशी. ती वाचून दाखवली तेव्हा थोरली काही बोलली नाही, पण आम्हालाच ऐकवेना. 'असेल तर' कसलं? दुखावलं होतंच.

तिसऱ्यांदा एवढंच लिहिलं: "आपा, 'बघू' म्हणालो ते चुकलं. घरात तुझा तिसरा हिस्सा आहे, आणि तो चार वर्षं आमच्याकडे राहिला. किंमत करून घेतो. तू सांगशील त्या दिवशी हिशेबाला बसू. ईद मुबारक."

त्या रात्री तरावीहनंतर आमचं ठरलं होतं ते हेच. नुसतं कार्ड पाठवणं म्हणजे हक्काच्या जागी फूल ठेवणं झालं असतं. कार्डानं हक्क फिटत नाही. फार तर बंद दाराची कडी वाजते. दार उघडल्यावर हातात काय आहे, हे आपलं आपण आधी ठरवावं लागतं.

पोस्टात

कार्ड पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंना बटरपेपर ठेवून पोळपाटाखाली रात्रभर दाबलं, वर गव्हाचा डबा. पाकीट कार्डापेक्षा प्रत्येक बाजूनं अर्धा सेंटिमीटर मोठं केलं. मणी, शिंपले, टिकल्या असं उंचवट्याचं काही लावू नये. शिक्के मारताना ते फुटतं आणि पाकीटही फाटतं. वजनाचा हिशेबही आधीच करता येतो. २०० जीएसएमच्या कागदाचा २८ बाय १९ चा तुकडा साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरतो. कापड, दोरा, पाकीट धरून २० ग्रॅमचा काटा कधी ओलांडेल, ते सांगता येत नाही. म्हणून तिकीट घरी न लावता पोस्टात वजन करून लावावं. नाहीतर कमी तिकिटाचा दंड ज्याला सलाम धाडला त्यालाच भरावा लागतो.

पत्ता लिहिताना धाकट्यानं पिनकोडच्या सहा चौकटींबद्दल विचारलं. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत कवीही होते, हे त्याला सांगितलं. त्यानं सहा आकडे असे घोटून लिहिले, जणू एखादा चुकला तर फुफी सापडणारच नाही.

ईद २९ च्या चंद्राची की ३० च्या, ते आधी कळत नाही. म्हणून कार्ड निदान दहा दिवस आधी टपालात पडावं. आम्ही अठराव्या रोजाला टाकलं. फुफीचे चार कागद गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत घालून त्याच दिवशी वेगळे पाठवले. वरची चिठ्ठी थोरलीनं काढू दिली नाही.

उत्तर

ईद झाली. फोन आला नाही. सणाच्या दिवशी शिरखुर्मा ढवळताना सगळ्यांचे कान मोबाइलकडे होते, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही. धाकट्यानं मात्र विचारलंच, "पत्ता चुकला असेल का?"

ईदनंतर आठ दिवसांनी पोस्टमन पाकीट देऊन गेला. आत दादांच्याच कागदाचा एक तुकडा होता, कडा पाण्यानं फाडलेल्या. म्हणजे आपालाही ती रीत ठाऊक होती. दादांनीच शिकवली असणार. चित्र नाही, रंग नाही. एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे चार टाके आणि थरथरत्या अक्षरात तीन ओळी: "ईद मुबारक. चार कागद मिळाले. बाकीचं समोर बसून."

ती बकरी ईदला आली, चार वर्षांनी. आधी जेवण झालं, मग हिशेब. घराची किंमत जाणकाराकडून करून घेतली होती, कागदावर मांडली, दोघांनी सह्या केल्या. सगळी रक्कम एकदम देणं आम्हाला शक्य नव्हतं. तीन हप्ते ठरले. एक दिला आहे, दोन राहिले आहेत. सगळं पहिल्यासारखं झालं, असं म्हणणार नाही. चार वर्षं तीन हप्त्यांत फिटत नाहीत. पण आता ती फोनवर धाकट्याचा पाढा घेते, आणि नावांच्या यादीत तिचं नाव शोधावं लागत नाही.

आमच्याकडे सात कागद आणि काही तुकडे उरले आहेत. येत्या रमजानात त्यातला एक काढू. वाचकहो, तुम्हीही असरनंतर मुलांना घेऊन बसा. पेज करा, घोटा, मेणाचा चंद्र काढा. दहा कार्डं करायला बसू नका, एकच करा. ज्या नावापाशी तुमचं बोट थांबतं आणि पुढे सरकतं, त्या नावाचं करा. आणि आत लिहायला बसाल तेव्हा पहिला मसुदा बाजूला ठेवा.